निवडणूक संपते केव्हा? राजकीय ताण आणि त्याचा सामना : पांढुर्णा-सौंसर भागाच्या संदर्भात एक आढावा

प्रश्नाचे स्वरूप

निवडणूक ही राज्यकर्ते निवडण्याची पद्धत आहे, पण ज्या गावात ती होते त्या गावासाठी तो काही आठवडे, कधी काही महिने चालणारा भावनांचा हंगामही असतो. या हंगामात झोप कमी होते, बोलणे चढते, जुने वाद नव्या झेंड्यांखाली उभे राहतात आणि एरवी एकमेकांच्या दारी चहा घेणारी माणसे रस्ता बदलून जाऊ लागतात. राजकीय घडामोडी, त्यांविषयी सतत येणारी माहिती आणि त्यांवरून माणसामाणसांत होणारे व्यवहार यांमुळे मनावर, शरीरावर आणि नात्यांवर जो भार येतो, त्याला प्रस्तुत लेखात 'राजकीय ताण' म्हटले आहे. हा आजार नव्हे. २०१६ साली अमेरिकेतील मानसोपचारक स्टीव्हन स्टॉस्नी यांनी 'निवडणूक-ताण विकार' अशा अर्थाचा शब्दप्रयोग रूढ केला खरा, पण वैद्यकशास्त्राने ते निदान म्हणून स्वीकारलेले नाही. मात्र आजार नाही म्हणून त्रास नाही असे होत नाही, आणि त्या त्रासाचा अभ्यास गेल्या दोन दशकांत पुष्कळ पुढे गेला आहे.

'सामना' या शब्दाचा शास्त्रीय अर्थही आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. रिचर्ड लॅझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ च्या ग्रंथात मांडले की ताण हा घटनेत जितका असतो तितकाच त्या घटनेच्या मूल्यमापनात असतो, म्हणजे 'यात माझे काय पणाला लागले आहे' आणि 'मला काय करता येईल' या दोन प्रश्नांना माणूस मनोमन जी उत्तरे देतो त्यांत असतो. त्यांनी सामन्याचे दोन प्रकार सांगितले : प्रश्न सोडवण्यासाठी हातपाय हलवणे हा प्रश्नकेंद्री सामना आणि प्रश्नामुळे उठलेल्या भावना आवरणे हा भावनाकेंद्री सामना. निवडणुकीत या दोहोंची विचित्र ओढाताण होते, कारण एका मताने निकाल बदलत नाही हे माणसाला ठाऊक असते आणि तरीही त्या निकालाशी आपले सर्वस्व जोडले गेले आहे असे त्याला वाटत असते.

या लेखाचे प्रतिपादन असे की मतभेद असणे हे राजकीय ताणाचे मुख्य कारण मानता येत नाही. मतभेदाला काळाची, जागेची आणि नात्याची जी सीमा पूर्वी असे ती पुसट झाल्यामुळे हा ताण वाढतो, आणि म्हणून त्याचा सामना करणे म्हणजे या तिन्ही सीमा जाणीवपूर्वक पुन्हा आखणे होय. जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा आणि दुसऱ्या तीरावर सावरगाव अशी वस्ती असलेला मध्य प्रदेशातील मराठीभाषक भाग हे समजून घेण्यासाठी विशेष उपयोगी आहे.

एका सीमाभागाचे निवडणूक-पंचांग

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये जामसावळी येथील कार्यक्रमात नव्या जिल्ह्याची घोषणा केली, ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला आणि लगेच ९ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आदर्श आचारसंहिता, म्हणजे निवडणूक काळात सरकार, पक्ष व उमेदवार यांनी पाळावयाच्या नियमांची चौकट, लागू झाली. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते आणि मतदान १७ नोव्हेंबरला. म्हणजे वर्षातून एकदा सारे घर एकत्र येण्याचा आठवडा आणि प्रचार टिपेला पोचण्याचा आठवडा एकच होता. ३ डिसेंबरच्या मतमोजणीत राज्यात भारतीय जनता पक्षाची सत्ता आली, पण जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा व सौंसरसह सातही जागा काँग्रेसने जिंकल्या.

त्यानंतर जेमतेम साडेतीन महिन्यांत लोकसभेचा कार्यक्रम जाहीर झाला. १९८० पासून छिंदवाडा लोकसभा मतदारसंघावर काँग्रेसचे कमलनाथ यांच्या कुटुंबाचा प्रभाव राहिला होता आणि १९९७ च्या पोटनिवडणुकीत सुंदरलाल पटवा यांनी मिळवलेला विजय हाच काय तो अपवाद होता. २०१९ मध्ये राज्यातील २९ पैकी काँग्रेसला मिळालेली एकमेव जागा हीच होती. २०२४ च्या फेब्रुवारीपासून पक्षांतराच्या बातम्यांची रीघ लागली, अमरवाड्याचे आमदार कमलेश शाह यांच्यासह अनेकांनी पक्ष बदलला, १९ एप्रिलला मतदान झाले आणि ४ जूनला भाजपचे विवेक 'बंटी' साहू १,१३,६१८ मतांनी विजयी झाले. पुढे १० जुलैला अमरवाड्यात पोटनिवडणूक झाली, म्हणजे तेथील मतदाराने आठ महिन्यांत तीन वेळा मत दिले.

या घटना येथे पक्षांच्या जयापजयासाठी दिलेल्या नाहीत, त्या ताणाची रचना दाखवतात. ज्या कार्यकर्त्याने दोन पिढ्या एकाच नावासाठी भिंती रंगवल्या त्याला सहा महिन्यांत विजयाचा कळस आणि पराभवाचा तळ दोन्ही पाहावे लागले, आणि ज्याने दुसऱ्या बाजूने चार दशके हार पचवली त्याला अचानक सत्तेची जबाबदारी आणि नव्याने आलेल्या कालच्या विरोधकांशी जुळवून घेण्याची कसरत करावी लागली. शिवाय या भागातील मराठी कुटुंबांची सोयरीक वरूड, काटोल, नरखेड, नागपूर अशी पसरलेली असल्यामुळे महाराष्ट्रातील राजकारणही त्यांच्या ओसरीवर येऊन बसते. जून २०२२ मधील शिवसेनेची फूट, जुलै २०२३ मधील राष्ट्रवादी काँग्रेसची फूट आणि २० नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक यांवरून सीमेपलीकडच्या मेहुण्याशी होणारा वादही याच हंगामात मोजावा लागतो. सीमाभागातील माणसाला निवडणुकीचे एक पंचांग पुरत नाही, त्याला दोन राज्यांची दोन पंचांगे सांभाळावी लागतात.

ताणाचे मोजमाप

राजकारणामुळे शरीर बदलते याचे पुरावे प्रामुख्याने परदेशी अभ्यासांतून आले आहेत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या सर्वेक्षणांत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हे ताणाचे लक्षणीय कारण आहे असे सांगणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २०१६ मध्ये ५२ टक्के होते, ते २०२० मध्ये ६८ आणि २०२४ मध्ये ६९ टक्के झाले. केविन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी मार्च २०१७ मध्ये ८०० अमेरिकी नागरिकांकडून माहिती घेऊन २०१९ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात सुमारे ४० टक्के लोकांनी राजकारणामुळे ताण येत असल्याचे सांगितले, तर जवळजवळ दर पाचांपैकी एकाने झोप उडाल्याचे आणि तितक्याच लोकांनी मैत्रीला तडा गेल्याचे सांगितले.

स्वतःच्या तोंडाने सांगितलेल्या अनुभवापलीकडे जाणारे अभ्यासही आहेत. इस्राएलमधील २००९ च्या निवडणुकीत संशोधकांनी मतदान केंद्राबाहेर मतदारांच्या लाळेचे नमुने घेतले असता मत देण्याआधी त्यांच्यात कॉर्टिसोल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीर सोडते ते संप्रेरक, नेहमीपेक्षा बरेच जास्त आढळले. अमेरिकेतील २००८ च्या निकालाच्या रात्री पराभूत उमेदवारांना मत देणाऱ्या पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक घसरल्याचे दिसले, आणि खेळात किंवा कुस्तीत स्वतः हरलेल्या पुरुषाच्या शरीरात घडते त्याच जातीचा हा बदल आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे, कारण मतदार स्वतः रिंगणात नव्हता. दक्षिण कॅलिफोर्नियातील एका मोठ्या आरोग्यसंस्थेच्या नोंदींनुसार २०१६ च्या निवडणुकीनंतरच्या दोन दिवसांत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांमुळे रुग्णालयात दाखल होण्याचा दर आदल्या आठवड्यातील त्याच वारांच्या तुलनेत १.६२ पट होता.

हे आकडे सावरगावला जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरेल. परदेशातील ताण मुख्यतः पडद्यावरून येतो, तर येथील ताण पडद्यावरून येतोच, शिवाय तो भावकीतून, जातीतून, रेशनच्या यादीतून आणि शेताच्या बांधावरूनही येतो. त्यामुळे परदेशी अभ्यासांतून 'राजकीय ताण खरा आहे आणि तो शरीरात उतरतो' एवढा निष्कर्ष घ्यावा आणि तो येथे कसा तयार होतो हे येथील व्यवस्थेतच शोधावे, हे योग्य.

ताण तयार होण्याच्या तीन वाटा

पहिली वाट अनिश्चिततेची आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की विजेचा सौम्य धक्का नक्की बसणार हे ठाऊक असलेल्या माणसापेक्षा तो बसेल की नाही हे निम्मेनिम्मे अनिश्चित असलेल्या माणसाला अधिक ताण येतो. पांढुर्णा-सौंसरमध्ये १९ एप्रिल २०२४ ला मत यंत्रात बंद झाले आणि ते ४ जूनला उघडले. देशभरातील सात टप्प्यांमुळे आलेले हे ४६ दिवस भर उन्हाळ्याचे होते, शेतातील कामे थंडावलेली होती, लग्नसराई चालू होती आणि चार माणसे जमली की बूथनिहाय बेरजा मांडण्यापलीकडे विषय नव्हता. मतदानोत्तर अंदाज शेवटचा टप्पा संपेपर्यंत प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई असते, पण पानटपरीवरच्या अंदाजाला आणि त्यावर लागणाऱ्या पैजांना ती मनाई पोचत नाही.

दुसरी वाट उघडकीची आहे. मतदान गुप्त असते आणि लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चे कलम १२८ ती गुप्तता राखण्याचे बंधन घालते. पण मोजणीच्या टेबलावर काय घडते ते जवळून पाहिले की गुप्ततेची मर्यादा कळते. एका केंद्राचे नियंत्रण यंत्र जाळीपलीकडच्या टेबलावर ठेवले जाते, मोहोर तपासली जाते, मतदान संपताना प्रतिनिधींना मिळालेल्या नमुना १७-ग मधील एकूण मतांशी आकडा पडताळला जातो, निकालाचे बटण दाबले जाते आणि छोट्या पडद्यावर उमेदवारवार मते एकामागून एक उमटत असताना जाळीलगत उभा असलेला प्रत्येक पक्षाचा मोजणी प्रतिनिधी ती कागदावर टिपून घेतो. ते केंद्र जेमतेम हजार-बाराशे मतदारांचे असते. त्यामुळे एक माणूस कोणाला मत देऊन आला हे कळत नाही, पण एक मोहल्ला, एक टोला, एक वस्ती कोणाच्या बाजूने गेली हे संध्याकाळपर्यंत गावभर झालेले असते. मग 'आपल्या बूथवर लीड का तुटली' हा प्रश्न राजकीय राहत नाही, तो घराघरांवरचा संशय होतो. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद नियमांत होती. मतदान यंत्रांसाठी तेच काम करणारे, अनेक यंत्रांची मते एकत्र बेरीज करून दाखवणारे 'टोटलायझर' हे उपकरण वापरावे असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये ठेवला आणि विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याचा पुरस्कार केला, परंतु ते अद्याप वापरात आलेले नाही. गावातील राजकीय ताण कमी करणारा याहून थेट प्रशासकीय उपाय सांगणे कठीण आहे.

तिसरी वाट भ्रमणध्वनीची आहे. कायद्याने प्रचाराला काळाची आणि जागेची सीमा घातलेली आहे : कलम १२६ नुसार मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद राहतो, कलम १३० नुसार मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत मते मागता येत नाहीत, आणि आचारसंहितेनुसार देवळे, मशिदी, चर्च यांचा प्रचारासाठी वापर करता येत नाही. या तरतुदींमागे मतदाराला विचार करायला निवांतपणा मिळावा हा शहाणपणाचा हेतू आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात हे ४८ तास सर्वांत गोंगाटाचे असतात, मंदिराच्या पायरीवर बसलेल्या भाविकाच्या खिशात प्रचार वाजत असतो आणि भजनी मंडळाचा, शाळेच्या वर्गमित्रांचा, भावकीचा गट एकेका पुढे ढकललेल्या संदेशाने आखाडा होतो. सभा संपली की माणूस घरी जात असे, आता सभाच त्याच्याबरोबर घरी येते.

भार कोणावर पडतो

राजकीय ताण सर्वांवर सारखा पडत नाही. सर्वांत पुढे असतो तो बूथपातळीवरचा कार्यकर्ता, ज्याला मानधन नसते पण ज्याच्यावर लीडची जबाबदारी असते. पराभवानंतर नेता राजधानीत परततो आणि टोमणे ऐकायला कार्यकर्ता गावात उरतो. निष्ठा ही अशा माणसाची ओळखच बनलेली असल्यामुळे नेत्याच्या पक्षांतराने त्याला होणारा त्रास शोकाच्या जवळ जाणारा असतो.

दुसरा वर्ग निवडणूक राबवणाऱ्या कर्मचाऱ्यांचा, म्हणजे शिक्षक, अंगणवाडी सेविका, पटवारी, पोलीस, होमगार्ड यांचा आहे. १ जून २०२४ च्या शेवटच्या टप्प्यात एकट्या उत्तर प्रदेशात ३३ मतदान कर्मचाऱ्यांचा उष्णतेमुळे मृत्यू झाल्याचे त्या राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले होते. २०२५ च्या अखेरीस मध्य प्रदेशासह अनेक राज्यांत मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली तेव्हा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांवरील, म्हणजे गावोगावी 'बीएलओ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यांवरील कामाच्या ताणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने त्यांच्या मदतीला अधिक कर्मचारी देण्याचे निर्देश राज्यांना दिले. या कर्मचाऱ्यांना 'मन शांत ठेवा' असा सल्ला देणे अपुरेच नव्हे तर अन्यायाचे आहे, कारण त्यांचा ताण कामाच्या तासांत, उन्हात आणि मुदतीत आहे.

तिसरा वर्ग घरातील स्त्रियांचा. ज्या सुनेचे माहेर एका पक्षाचे आणि सासर दुसऱ्या पक्षाचे, तिच्यावर दोन्हीकडून निष्ठेची परीक्षा येते आणि तिच्या मताची गुप्तता घरातच सर्वांत कमी मानली जाते. २०२४ मध्ये बारामतीत नणंद-भावजय असलेल्या सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या आणि त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्याला पवार कुटुंबाचे स्नेहमेळावे दोन ठिकाणी झाले, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. ज्या घराकडे साधने, सल्लागार आणि प्रतिष्ठा आहे त्या घराचाही पाडवा विभागला जातो, तर गावातील चार खोल्यांच्या घरात काय होत असेल याची कल्पना यावरून यावी.

पराभवाचे दुःख टोकाला गेल्याची उदाहरणेही आहेत. २०२४ मध्ये बीड लोकसभा मतदारसंघात पंकजा मुंडे ६,५५३ मतांनी हरल्या, त्यानंतर काही समर्थकांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या आणि असे पाऊल कोणीही उचलू नये असे आवाहन स्वतः पंकजा मुंडे यांना करावे लागले. नेत्याने पराभवानंतर पहिल्या चोवीस तासांत काय बोलावे हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही, कुणाच्या तरी जिवाशी त्याचा संबंध असतो, हे या घटनांनी दाखवून दिले.

सामन्याच्या उपायांचा आढावा

पहिला उपाय माहितीचा रतीब आटोक्यात ठेवण्याचा. २०१८ च्या अमेरिकी निवडणुकीपूर्वी हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात ज्यांनी चार आठवडे फेसबुक बंद ठेवले त्यांचे समाधान थोडे वाढले आणि राजकीय मतांतील ध्रुवीकरण कमी झाले, मात्र ताज्या बातम्यांचे त्यांचे ज्ञानही घटले. यातून निघणारा व्यवहार्य मार्ग बातम्या बंद करण्याचा नाही. सकाळी एक वर्तमानपत्र आणि संध्याकाळी एक बातमीपत्र असे दोन ठरावीक वेळांचे खाते ठेवावे, गटांचे आवाज बंद करावेत आणि पुढे ढकलण्याआधी संदेश एक रात्र तसाच ठेवावा, म्हणजे नागरिकत्व शाबूत राहून मनाला उसंत मिळते.

दुसरा उपाय पुनर्मूल्यांकनाचा, म्हणजे घटनेकडे पाहण्याची चौकट बदलून तिची धार कमी करण्याचा : 'हा निकाल पाच वर्षांचा आहे, आयुष्याचा नाही' किंवा 'जिल्हा नवा असल्याने कोणीही आले तरी कार्यालये उभी राहायचीच आहेत' असे स्वतःला समजावणे. या उपायाने त्रास कमी होतो हे खरे, पण ब्रेट फोर्ड आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात त्याची किंमतही दिसली : ज्यांनी राजकारणामुळे उठलेल्या भावना यशस्वीपणे शांत केल्या त्यांची राजकीय कृती करण्याची इच्छाही मंदावली. ज्याच्या जमिनीचा, पाण्याचा किंवा सन्मानाचा प्रश्न निवडणुकीशी बांधलेला आहे त्याला निव्वळ शांत होण्याचा उपदेश करणे म्हणजे त्याचे हत्यार काढून घेणे होय. त्याचा राग पुष्कळदा न्याय्य असतो.

म्हणून तिसरा उपाय, मोजक्या आणि पूर्ण होणाऱ्या कृतीचा, सर्वांत मोलाचा ठरतो. यादीतील नावे तपासून देणे, म्हाताऱ्या माणसांना केंद्रापर्यंत नेणे, ८५ वर्षांवरील मतदारांचा घरून मतदानाचा अर्ज वेळेत भरणे, उमेदवारांना एका ठरावीक प्रश्नावर लेखी उत्तर मागणे, ही कामे प्रश्नकेंद्री सामन्यात मोडतात. या कामांना आरंभ आणि अंत असतो, आणि रात्री अंथरुणावर पडताना 'आज हे झाले' असे म्हणता येते. चिंतेला असा शेवट कधीच नसतो.

चौथा मार्ग गावे स्वतःच शोधतात, तो बिनविरोध निवडणुकीचा. मध्य प्रदेश सरकारने २०२२ च्या पंचायत निवडणुकीत बिनविरोध निवड करणाऱ्या 'समरस' पंचायतींना बक्षिसे जाहीर केली आणि महाराष्ट्रातही ही परंपरा जुनी आहे. खऱ्या सहमतीतून ती आली तर गावाची मोठी दगदग वाचते. पण जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणुका सरपंचपदाचा लिलाव झाल्याच्या कारणावरून राज्य निवडणूक आयोगाला रद्द कराव्या लागल्या. विरोधच विकत घेऊन आणलेली शांतता ताण मिटवत नाही, तो दुबळ्यांच्या गळी उतरवते.

गोटमार आणि मारबत : सीमेचे दोन धडे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार देशभर ठाऊक आहे. पात्राच्या मध्यभागी पळसाचे झाड झेंड्यासह रोवले जाते, सावरगावकर त्याचे रक्षण करतात, पांढुर्ण्याकडचे ते तोडायला पुढे सरसावतात आणि दोन्ही तीरांवरून दगडांचा मारा होतो. झाड हाती आले की मारा थांबतो आणि ते चंडीमातेच्या देवळात नेले जाते. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी यांच्या पळून जाण्याची कथा या प्रथेमागे सांगितली जाते.

या प्रथेचा गौरव करणे शक्य नाही. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, अनेकांनी डोळे गमावले आहेत, मृत्यू झालेले आहेत, आणि दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रशासनाचा प्रयत्नही टिकला नाही. पण निवडणुकीच्या संदर्भात तिच्यातील एक अंग विचारात घेण्याजोगे आहे. गोटमारीला तिथी आहे, जागा आहे आणि थांबण्याची सर्वांना मान्य असलेली खूण आहे. पळस देवळात गेल्यावर मारलेला दगड प्रथेच्या आडोशाला उभा राहू शकत नाही, तो गुन्हाच ठरतो. निवडणुकीत दगड नसतात, पण पळस देवळात नेण्याची वेळही नसते. निकाल लागतो, मिरवणूक निघते, आणि एकमेकांच्या दारासमोर गुलाल उधळून पुढच्या पाच वर्षांच्या वैराची पेरणी होते.

त्याच दिवशी, म्हणजे विदर्भात मुलांचा तान्हा पोळा भरतो त्या दिवशी, नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेल्या या प्रथेत काळी आणि पिवळी मारबत यांच्याबरोबर बडगे, म्हणजे पुतळे, निघतात, त्यांत महागाई, भ्रष्टाचार, चालू राजकारण यांवर कडक टीका असते, इडापिडा घेऊन जाण्याची विनवणी होते आणि शेवटी सारे गावाबाहेर नेऊन जाळले जाते. राग येथे दाबला जात नाही, तो मोठ्याने बोलला जातो, पण माणसावर न उगारता पुतळ्यावर काढला जातो आणि संध्याकाळी त्याची राख होते. राजकीय भावनेला वाट, मर्यादा आणि अंत या तीन गोष्टी एकाच दिवसात देणारा हा लोकसंस्कृतीतील नमुना आहे, आणि सीमेच्या पलीकडे तो शंभर किलोमीटरच्या टप्प्यात उपलब्ध आहे.

उपाय कोठे संपतात आणि उपचार कोठे सुरू होतात

काही त्रास गावाच्या शहाणपणाने मिटत नाहीत. निकालानंतर दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप न लागणे, जेवणावरची वासना जाणे, कामात मन न लागणे, दारूचे प्रमाण वाढणे किंवा जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे राजकारणाची उरत नाहीत, ती आरोग्याची होतात. या भागात अशा वेळी माणसे आधी जामसावळीच्या हनुमानाकडे जातात. मनाच्या आजारांवर गुण येतो या श्रद्धेने दूरदूरचे लोक तेथे येतात. त्या श्रद्धेचा अवमान न करता तिच्या जोडीला उपचार उभे करता येतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या 'विश्राम' कार्यक्रमात गावातल्याच प्रशिक्षित स्वयंसेवकांनी दारोदार जाऊन बोलणे सुरू केले तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली 'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठी आणि हिंदीसह अनेक भाषांत उपलब्ध आहे. मतदार चिठ्ठीच्या मागे हा क्रमांक छापणे खर्चाचे काम नाही.

समारोप

२०२४ चा निकाल ४ जूनला लागला आणि तीन दिवसांनी मृग लागला. जुन्या शेतीव्यवहारात या योगाला मोठा अर्थ होता. पेरणीला सावड लागे, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या शेतात राबायचे आणि त्याने उलट आपल्या शेतात यायचे, आणि ज्याच्याशी एप्रिलमध्ये हुज्जत घातली त्याचीच बैलजोडी जूनमध्ये मागावी लागे. त्या गरजेने निवडणूक आपोआप संपत असे. आता ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, मजूर बाहेरून येतात, संत्र्याची बाग व्यापारी परस्पर उचलतो आणि शेजाऱ्यावाचून हंगाम अडत नाही. अबोला परवडू लागला म्हणून तो टिकू लागला.

या आढाव्याचा निष्कर्ष त्यामुळे असा निघतो की निवडणुकीचा शेवट आता घडवून आणावा लागेल. कायद्याने बूथनिहाय उघडकीला आळा घालावा, पक्षांनी विजयाची मिरवणूक पराभूताच्या दारावरून नेऊ नये, नेत्यांनी हरल्याच्या दिवशी कार्यकर्त्याची चौकशी करावी, प्रशासनाने मतदान कर्मचाऱ्याला सावली आणि पुरेशी मुदत द्यावी, आणि नागरिकाने वर्षातील काही वेळा, काही जागा आणि काही नाती राजकारणाच्या हद्दीबाहेर राखून ठेवावीत. यांतील पहिल्या चार गोष्टींसाठी वाट पाहावी लागेल. पाचवी मात्र मृगाच्या पहिल्या सरीबरोबर करता येते : ट्रॅक्टर दारात उभा असला तरी, ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्या शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन या वर्षी सावड करायची का, एवढे विचारावे.